धावणाऱ्या पोरांच्या देहाचे कोण ऐकणार?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ठाण्याच्या वर्तकनगरात पहाट लवकर होते. भीमनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर आणि पोलीस वसाहतीतली पोरे पाचच्या आत घराबाहेर पडतात. कोणी उपवन तलावाच्या काठाने फेऱ्या मारतो, कोणी येऊरचा चढ धरतो, तर कोणी पोखरण रस्त्याच्या काँक्रीटवरच मोबाईलचे घड्याळ लावून पळत सुटतो. पायात झिजलेले बूट, पोटात एक चहा आणि डोक्यात एकच आकडा असतो, तो म्हणजे ५ मिनिटे १० सेकंद. मुलांना १६०० मीटर एवढ्या वेळात पार करता आले तर २० पैकी २० गुण. किलोमीटरला सव्वातीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ! त्यावर एकेक सेकंद वाढत गेला की गुण घसरत जातात आणि त्या गुणांबरोबर घराची आशाही घसरते.

ही पोरे हौसेने पळत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे. एकेकाळी याच पोखरण रस्त्यावरच्या रेमंडमध्ये, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत वस्तीतल्या बापाला कायमची नोकरी मिळत असे. ते कारखाने गेले, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि त्या टॉवरच्या दारात रखवालदाराची कंत्राटी नोकरी तेवढी आमच्या वाट्याला आली. सरकारी नोकरभरती आटली, शिपाई आणि सफाईची पदेसुद्धा ठेकेदाराच्या खिशात गेली. आरक्षण कागदावर जिवंत राहिले आणि ज्या जागांवर ते लागू व्हायचे त्या जागाच नाहीशा झाल्या. मग राहिले काय? पोलीस, राज्य राखीव दल, सैन्य. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर पोरे. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदांना मंजुरी दिली. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षांची वयोमर्यादा. दोन भरत्यांच्या मध्ये वर्षे निघून जातात. अशा पोराच्या नडगीत कळ आली तर तो थांबेल काय?

आम्ही आज ज्या विषयावर लिहीत आहोत तो वरवर पाहता व्यायामशाळेचा किंवा डॉक्टरचा विषय आहे. धावताना शरीर कोणत्या खुणा देते, त्या कशा ओळखाव्यात आणि दुखापत कशी टाळावी, अशी माहिती वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत छापून येते. ती वाचणारा वर्ग वेगळा, त्याचे बूट वेगळे. त्याचे पाऊल दुखले तर तो पंधरा दिवस धावणे बंद करतो, फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनची वाट पाहतो. आमच्या पोराला पुढचे वर्ष नसते. कायद्यात कोणावरही कारवाई करण्याआधी नोटीस द्यावी लागते. शरीराचाही हाच कायदा आहे. ते मोडण्यापूर्वी, कोसळण्यापूर्वी बहुतेक वेळा नोटीस देते. ती नोटीस वाचता आली पाहिजे, हा एक भाग झाला. वाचल्यावर थांबण्याची सोय असली पाहिजे, हा दुसरा भाग, आणि तोच खरा राजकीय प्रश्न आहे.

कोसळणे हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत एकामागून एक उमेदवार कोसळले आणि त्यांतले किमान चार तरुण मेले. एवढे झाल्यावर सरकारला जाग आली, ५ किलोमीटरचे अंतर ३ वर आणले गेले, पुढे नियम बदलत बदलत ते १६०० मीटरवर आले. पण राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत ५ किलोमीटर कायमच राहिले. जून २०२४ च्या अखेरीस आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बाळेगावच्या राखीव दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना एक २५ वर्षांचा तरुण मेला आणि आणखी काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायाच्या भरतीत पुरुषांना एका तासात १० किलोमीटर पळायला लावले आणि तिथे दहाहून अधिक उमेदवार मेले. बाटलीबंद दारूच्या दुकानांवर देखरेख ठेवणाऱ्या शिपायाला दहा किलोमीटर कोणामागे पळायचे असते, हे त्या सरकारलाच ठाऊक! मृत्यू झाल्यावर अंतर कमी होते, हा या देशातला भरतीचा नियम दिसतो. म्हणजे नियम दुरुस्त करण्याची किंमतही गरिबाच्या पोरानेच मोजायची.

आता मुद्द्याकडे येऊ. आमच्या परिचयातल्या डॉक्टर मित्रांशी बोलून आणि पोरांशी बोलून जे स्पष्ट झाले ते सांगतो.

धावणाऱ्याला दुखते, हे खरेच आहे. नवीन सराव सुरू केला की पोटऱ्या, मांड्या दोन दिवस ठणकतात. दोन्ही पायांत सारखे, सगळ्या स्नायूभर पसरलेले आणि दोन-तीन दिवसांत उतरणारे हे दुखणे घाबरण्यासारखे नसते. घाबरायचे ते वेगळ्या दुखण्याला. नडगीच्या हाडावर बोट ठेवले आणि नेमक्या एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात कळ आली, त्या एका पायावर उडी मारता आली नाही, रात्री झोपेतही ते ठणकू लागले, तर हाडाला बारीक तडा जाऊ लागला असे समजावे. हा तडा सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून पोरगा पुन्हा मैदानात उतरतो आणि भरतीच्या दिवशी पूर्ण हाड मोडून घेतो. सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती त्याने आधी घेतली असती तर नोकरीही मिळाली असती आणि पायही राहिला असता. सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखे होणे, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणे, टाचेच्या वरची जाड नस सकाळी आखडणे, या सगळ्या त्याच नोटिसा आहेत. एक साधी खूण कोणालाही ओळखता येते. धावता धावता दुखणे कमी होत गेले तर वेग आणि अंतर कमी करून बघता येते. धावता धावता ते वाढत गेले, किंवा चालच बदलली आणि पोरगा लंगडू लागला, तर त्या क्षणी थांबायचे. लंगडत पळणारा माणूस एक दुखणे वाचवताना दुसरे ओढवून घेतो.

ही दुखणी का होतात? बहुतेक वेळा कारण एकच असते, घाई. जाहिरात निघेपर्यंत पोरगा डिलिव्हरीच्या गाडीवर किंवा माथाडीच्या कामावर असतो, आणि जाहिरात निघाली की शून्यातून रोज आठ-दहा किलोमीटर सुरू करतो. स्नायू आणि दम काही आठवड्यांत वाढतात, हाडाला आणि नसांना मात्र महिने लागतात. दम साथ देतो म्हणून पाय साथ देईल असे नसते. त्यातून दिवसभराची मजुरी वेगळी. बारा तास उभे राहून काम करणाऱ्याच्या पायाने सरावाआधीच अर्धी मॅरेथॉन केलेली असते, हे अकादमीवाल्याच्या वेळापत्रकात कुठेच लिहिलेले नसते.

पायाचे दुखणे नोकरी घालवते, छातीचे दुखणे जीव घेते. धावताना छातीत दाब येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, छाती अचानक धडधडून ठोके चुकल्यासारखे वाटणे आणि विशेषतः पळता पळता डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणे, यांतले काहीही एकदा जरी झाले तरी तपासणी झाल्याशिवाय पुन्हा धावायचे नाही. शर्यत संपल्यावर थोडी चक्कर येणे वेगळे आणि पळत असतानाच शुद्ध हरपणे वेगळे. दुसऱ्यात हृदयाचा दोष असण्याची शक्यता मोठी असते. ज्यांच्या घरात कोणी चाळिशी-पन्नाशीच्या आत झोपेत, कामावर किंवा पळताना अचानक गेले असेल त्यांनी तर सराव सुरू करण्यापूर्वीच ईसीजी आणि शक्य असल्यास इको काढून घ्यावा. हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असण्याचा आजार घराण्यात चालतो आणि तो विशीतल्या धडधाकट दिसणाऱ्या पोरातही लपून राहू शकतो. आमच्या वस्त्यांत अशा मृत्यूंना 'अटॅक आला', 'काहीतरी लागलं' एवढ्यावर सोडून दिले जाते. भाऊ कसा गेला हे घरच्यांना ठाऊक नसते, म्हणून धाकट्याच्या नशिबीही तेच येते.

उष्णतेचे प्रकरण याहून कपटी आहे. विदर्भ-मराठवाड्यातला पोरगा म्हणतो, आम्ही ४५ अंशांत वाढलो, ठाण्याचे ३३ काय करणार? इथली हवा दमट. घाम येतो, पण तो वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. नव्या हवेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. आदल्या रात्री एस.टी.ने येऊन, फलाटावर किंवा मैदानाबाहेरच्या फुटपाथवर झोपून, उपाशीपोटी सकाळी पळणाऱ्याला ते कुठून मिळणार? डोके दुखणे, मळमळ, अंगावर काटा येणे, पावले वेडीवाकडी पडणे ही पहिली नोटीस. पोरगा विचारल्याचे भलतेच उत्तर देऊ लागला, चिडू लागला, आपण कुठे आहोत हे विसरला, तर तो उष्माघात असतो, मग अंगाला घाम असो वा नसो. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत पंखा घालत बसायचे नाही. आधी थंड करायचे, मग न्यायचे. कपडे सैल करून बर्फाच्या पाण्यात बसवा, ते नसेल तर सगळ्या अंगावर पाणी ओता, ओल्या चादरी बदलत राहा. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले तर माणूस वाचतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सरकारी सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे मेली, आणि ती तर नुसती बसलेली होती. पळणाऱ्याचे काय होत असेल?

आता एक गोष्ट जी रविवारच्या पुरवणीत येत नाही, कारण ती त्या वर्गाच्या रक्तात नसते. सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात, तसेच नंदुरबारकडच्या आदिवासींत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. रुग्णाला आजाराचा त्रास होतो, त्याला तो माहीत असतो. वाहकाला काहीच त्रास नसतो, तो कुस्ती खेळतो, पळतो, पहिला येतो. पण भयंकर श्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर त्याच्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. अमेरिकेच्या सैन्यातल्या नव्या भरतीवर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय वाहक जवानांमध्ये प्रशिक्षणातल्या कारण न सापडलेल्या अचानक मृत्यूंचा धोका इतर कृष्णवर्णीय जवानांच्या सुमारे तीस पट आढळला होता. त्या सैन्याने काय केले? पाणी, सावली, टप्प्याटप्प्याने सराव असे नियम केले. २०१६ साली पुन्हा मोठा अभ्यास झाला तेव्हा वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. स्नायू फुटण्याचा धोका मात्र काहीसा जास्त राहिला. यातला धडा फार महत्त्वाचा आहे. वाहकाला बाहेर काढायची गरज नव्हती, नियम माणसाला शोभेल असे करायची गरज होती. म्हणून आमचे पोरांना सांगणे आहे की रक्ताची ही साधी तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या. वाहक असाल तर लपू नका, घाबरूही नका, पाणी पीत राहा, सरावाचा वेग हळूहळू वाढवा. पळताना पाय दगडासारखे आखडण्याऐवजी एकदम लुळे पडू लागले, कंबर-मांड्या दुखू लागल्या, दम अकारण गेला, तर तो पेटका नव्हे, तिथेच बसा. आणि वाहक असो वा नसो, सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा; फुटलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडात अडकल्याची ती खूण असते.

मुलींचा प्रश्न तर आणखी दडलेला. त्यांना ८०० मीटर धावायचे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे मैदानात उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एक कमी रक्त घेऊन पळते. थोड्या धावण्यानेही धाप लागणे, छाती धडधडणे, नखे आणि डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसणे, ही आळशीपणाची लक्षणे नव्हेत. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर घरातल्या बाया म्हणतात, बरे झाले, भरतीपुरता त्रास गेला. बरे झालेले नसते. जेवण कमी आणि श्रम जास्त झाल्याची ती नोटीस आहे, आणि तिच्यामागून हाडे ठिसूळ होत जातात. आपल्या मुलीच्या ताटात अंडे, डाळ, गूळ-शेंगदाणे भावाच्या ताटाएवढेच पडतात की नाही, हे तिच्या आई-बापाने पाहावे.

या सगळ्या नोटिसा फाडून टाकण्याचे एक साधन पोरांच्या खिशात असते, दुखणे मारणारी गोळी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊन पळण्याची पद्धत सर्रास झाली आहे. गोळीने तडा भरत नाही, तडा कळेनासा होतो. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात हीच गोळी मूत्रपिंडावर घाव घालते. इंजेक्शने आणि उत्तेजक द्रव्यांबद्दल तर बोलायलाच नको; ती विकणाऱ्यांना तुरुंगाची वाट दाखवली पाहिजे.

मैदानात उभा असलेला प्रशिक्षक म्हणतो, दुखतंय म्हणजे तू कमजोर आहेस. हे वाक्य आम्हाला फार जुने वाटते. आमच्या आज्या-पणज्यांना हेच सांगितले गेले होते. मेलेली ढोरे ओढा, गावाचा सांगावा घेऊन दहा कोस पळत जा, वेठबिगार करा. तुमचा देह यासाठीच घडवला आहे, तुम्हाला कुठे दुखते? मनुस्मृतीने शूद्राच्या देहाला सेवेचे यंत्र ठरवले आणि यंत्राला वेदना नसते. आज गटारात उतरणाऱ्या माणसाला हीच व्यवस्था सुरक्षेच्या साधनाशिवाय खाली सोडते. आमच्या पोरांनी ही शिकवण स्वतःहून छातीवर मिरवावी, दुखणे लपवण्यालाच मर्दुमकी समजावे, हे आम्हाला बोचते.

तथागतांनी या प्रश्नाचा निकाल अडीच हजार वर्षांपूर्वी दिला आहे. विनयपिटकात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंताघरचा हा कोवळ्या पायांचा तरुण चंक्रमण करता करता इतका श्रमला की त्याच्या पायांतून रक्त वाहून चालण्याची वाट लाल झाली, आणि एवढे करूनही चित्त मुक्त होत नाही म्हणून तो निराश झाला. भगवंतांनी त्याच्याशी तो पूर्वी वाजवत असलेल्या वीणेबद्दल बोलणे काढले. तार फार ताणली तर स्वर लागतो काय? फार सैल सोडली तर लागतो काय? सोणाला उत्तर कळले. पण कथेचा पुढचा भाग आमच्या भाषणांत फारसा येत नाही. भगवंतांनी सोणाला पायताण वापरण्याची परवानगी दिली, तेव्हा तो म्हणाला की एकट्यासाठी मला ते नको, संघाला मिळणार असेल तर मीही घालीन. आणि भगवंतांनी सर्व भिक्खूंना एक तळाचे पायताण घालण्याची अनुमती दिली! एका माणसाच्या रक्ताळलेल्या पावलातून सगळ्या संघासाठी नियम निर्माण झाला. बाळेगावातल्या मृत्यूनंतर आम्ही सरकारकडे यापेक्षा वेगळे काय मागतो आहोत?

बोधिसत्त्व बाबासाहेबांनीही श्रमणाऱ्या देहाची मर्यादा माणसाच्या सहनशक्तीवर सोडली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते, आणि कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले. ज्याला झेपेल त्याने जास्त करावे, ज्याला झेपणार नाही त्याने थांबावे, असे ते म्हणाले नाहीत. कारण ज्याला भाकरीची गरज आहे तो कधीच थांबत नाही, हे त्यांनी परळच्या चाळीत राहून पाहिले होते. मर्यादा कायद्याने घालायची असते.

मग आजच्या कायद्यात भरतीच्या उमेदवाराची जागा कुठे आहे? तो कर्मचारी नाही, म्हणून कर्मचारी भरपाईच्या कायद्याची दारे त्याला बंद. तो ग्राहक नाही. तो नुसता अर्जदार आहे. गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली, भले ती मिळवताना कुटुंबाचे जोडे झिजत असोत. भरतीच्या मैदानात मेलेल्या पोराच्या आईला मात्र मंत्र्याच्या घोषणेची वाट पाहावी लागते. पण संविधान गप्प नाही. कलम २१ चा जीविताचा अधिकार अर्जदारालाही आहे. राज्याच्या हातून तो अधिकार मोडला गेला तर नुकसानभरपाई द्यावी लागते, हे नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली ठरले. तातडीचे उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे, हे १९९६ च्या पश्चिम बंगाल खेत मजदूर समिती प्रकरणात ठरले. 'माझ्या जबाबदारीवर धावत आहे' असे उमेदवाराकडून लिहून घेतले तरी सरकारची सुटका होत नाही, कारण मूलभूत हक्क लिहून देऊन सोडता येत नाहीत, हे १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

आणि सगळ्यात मोठी विसंगती पाहा. पोलीस भरतीत वैद्यकीय तपासणी होते ती निवड झाल्यावर. म्हणजे ज्या परीक्षेत जीव जाऊ शकतो ती आधी, आणि जीव धोक्यात आहे काय हे पाहणारी तपासणी नंतर. सरकारला आपल्या नोकराचे हृदय तपासायचे आहे, उमेदवाराचे नाही! लाखो पोरांचे इको काढा असे कोणी म्हणत नाही. रक्तदाब, नाडी, स्टेथोस्कोप आणि चार प्रश्न, कधी पळताना शुद्ध गेली आहे काय, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे काय, आज ताप आहे काय, सिकलसेल आहे काय, एवढ्याला पाच मिनिटे लागतात. संशय आला तेवढ्यांचाच ईसीजी. मैदानावर बर्फाचे टब, छातीवर दाब देण्याचे शिक्षण घेतलेले पोलीस आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र हवे. हृदय थांबल्यावर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि ठाण्याच्या रहदारीत रुग्णवाहिका किती मिनिटांत येते हे वाचकांनीच सांगावे.

जे वर जातात त्यांना या सोयी मिळतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला तो महार रेजिमेंटमध्ये, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला धावताना पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, तज्ज्ञ पाठीशी उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. पण साबळे होण्याआधी प्रत्येक पोरगा मांडव्यातल्या कच्च्या रस्त्यावरचा पोरगाच असतो, आणि त्या रस्त्यावर त्याच्यासाठी कोणीही उभे नसते.

तिथे आपण उभे राहू शकतो. आमचे बुद्धविहार पौर्णिमेला आणि जयंतीला भरतात, इतर दिवशी कुलूप. वर्तकनगर आणि आसपासच्या विहारांनी भरतीच्या हंगामात एक रविवार भरतीच्या पोरा-पोरींना द्यावा. आपल्याच समाजातले डॉक्टर, नर्स, फिजिओ आता शेकड्याने आहेत. त्यांनी रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिकलसेलची तपासणी करावी, नडगीवर बोट ठेवून पाहावे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आमचे बांधव वसाहतीत राहतात. त्यांनी पोरांना चार महिने आधीपासून हळूहळू पळवावे. आनापान आणि कायानुपश्यनेची शिबिरे आपण घेतोच. स्वतःचा श्वास, स्वतःचे पाऊल, त्यातली वेदना जशी आहे तशी पाहायला शिकवणारी ती विद्या डोळे मिटून बसणाऱ्यांपुरती ठेवली आहे, ती पळणाऱ्यालाही द्या.

तरीही विहारात शिकलेला पोरगा मैदानात उतरल्यावर प्रश्न उरतोच. तिसऱ्या फेरीला त्याच्या छातीत कळ आली, त्याने नोटीस ओळखली, तो थांबला. त्या क्षणी त्याचे वीस गुण गेले, भरती गेली, कदाचित वयही गेले. हे ठाऊक असताना तो थांबणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून आमची मागणी भरतीच्या नियमातल्या एका वाक्याची आहे. धावताना प्रकृतीच्या कारणाने थांबलेल्या आणि मैदानावरच्या डॉक्टरने तसे लिहून दिलेल्या उमेदवाराला त्याच भरतीत तीन आठवड्यांच्या आत एकदा पुन्हा धावण्याची संधी द्यावी. खोटी कारणे देऊन लोक फायदा घेतील, असे अधिकारी म्हणतील. संधी एकदाच, डॉक्टर सरकारचा, वेळ मोजणारे यंत्रही सरकारचे; फायदा कोण कसा घेणार ते त्यांनी दाखवून द्यावे. या एका वाक्यासाठी गृह विभागाकडे निवेदन देण्याचे आम्ही ठरवले आहे. मसुदा तयार आहे. पुढच्या भरतीचे मैदान आखले जाण्याआधी त्याखाली विहारांच्या, महिला मंडळांच्या आणि भरतीला बसणाऱ्या प्रत्येक घराच्या सह्या हव्या आहेत.